दाखवायचं पोतं

दिनकर मिस्त्रीला मी तोंडावर कायम आण्णाच म्हटलं, आवंजावंच केलं. ही वही कुणी वाचत नाही, म्हणून इथं त्याला अरेतुरे करते. अकरा वर्षं पोटात राहिलेलं अरेतुरे आहे ते.

त्याचा शर्ट पांढरा असायचा. ट्रकच्या गॅरेजात दिवसभर पांढऱ्या शर्टात वावरायचं आणि संध्याकाळी तो तसाच पांढरा घरी न्यायचा, हे ज्याला जमतं तो मिस्त्री कसला, असं गाडीमालकांपैकी कुणाच्या मनात आलं नाही. उलट म्हणायचे, "आण्णांचं काम बघा कसं स्वच्छ हाय." खांद्यावर एक तांबडं फडकं असायचं, तेही स्वच्छ. गाडीखाली रघू जायचा, पाने रघू फिरवायचा, घण रघू मारायचा. रघू पन्नाशीचा माणूस, त्याचा शर्ट कोणत्या रंगाचा होता ते त्यालाही आठवत नसेल. आण्णा काय करायचा? आण्णा ऐकायचा.

गाडी आली की तो हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर मागवायचा. त्याचं टोक पुढच्या ॲक्सलला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मालक श्वास धरून उभे. गाडी बंद असायची. बंद गाडीच्या ॲक्सलमधून काय ऐकू येतं हे मला अजून कळलेलं नाही, पण आण्णाला यायचं.

"बोलतीया," तो डोळे न उघडता म्हणायचा.

"काय म्हणतीया, आण्णा?"

"किंगपिना गेल्या म्हणतीया. बुश गेलं म्हणतीया. लय सोसलंय गाडीनं."

किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्या जाड खिळीवर वळतं ती; बुश म्हणजे तिच्याभोवतीचं नळकांडं. जुन्या ट्रकची ती झिजलेलीच असणार, त्याला कान कशाला लागतात. जॅक लावून चाक हलवलं तर शेंबड्या पोरालाही कळेल. पण मग आण्णाला कोण आण्णा म्हणणार?

गॅरेज आष्ट्याच्या अलीकडे सांगली रस्त्याला, आमच्या घराला लागून. मला चार माणसांत बसायला, बोलायला जमत नाही. शेतात तण काढायला, भांगलणीला, बायकांच्या घोळक्यात गेले तरी जीव गुदमरायचा. म्हणून आमच्या घरच्यांनी आण्णाला विचारलं आणि मला गॅरेजच्या मागच्या पत्र्याखाली काम मिळालं. अर्धा कापलेला पिंप, त्यात डिझेल, तारेचा ब्रश आणि मी. गाडीची काढलेली सगळी चीजवस्तू माझ्याकडे यायची. नट, बोल्ट, पिना, वायसर. ती धुवायची, घासायची, पुसायची, पोत्यावर मांडायची. बोलायचं कुणाशी नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, देवानं माझ्यासाठीच हे काम काढलंय.

दुसऱ्या वर्षी कळलं, ते देवानं काढलेलं नव्हतं.

जुन्या गाडीची पुढची ॲक्सल उघडली की काही वस्तू परत घालायच्या नसतात. हे मला कुणी शिकवलं नाही, हातानं शिकवलं. कमानीचे पाटे ॲक्सलला बांधून ठेवणारा जो मोठा वाकडा बोल्ट असतो, त्याला यू-बोल्ट म्हणतात. वर्षानुवर्षं ओढ खाऊन तो एका ठिकाणी बारीक होतो, बाईची कंबर असावी तसा. डोळ्याला दिसत नाही. आट्यांवरून नख ओढत गेलं की एके ठिकाणी नख जास्त खाली बसतं. तिथं तो मेलेला असतो. नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन एकदा उघडून सरळ केली की दुसऱ्यांदा वाकवताना तुटायला टेकते. असल्या वस्तू मी आधी आधी वेगळ्या काढून ठेवायची.

आण्णा यायचा, वेगळ्या काढलेल्या वस्तू परत चांगल्यांत सरकवायचा. "लोखंडाला मरान न्हाई, शालन," म्हणायचा. हे त्याचं ठरलेलं वाक्य. "लोखंड फकस्त मळतं. मळ काढायचं काम तुझं."

आणि मी मळ काढायची. माझ्या हाताला गुण होता हे त्यानं ओळखलं होतं. धुऊन, घासून, तेलाचा हात फिरवला की अकरा वर्षांची पिन काल कारखान्यातून आल्यासारखी चमकायची. आण्णाकडे नव्या मालाचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे जपून ठेवलेले असायचे. त्यातला तेलकट कागद घ्यायचा, पिन त्यात गुंडाळायची, डब्यात घालायची. मग मालकासमोर डबा फोडायचा. फोडायची पण त्याची पद्धत होती. दातानं फोडायचा, जणू काही आत पेढे आहेत.

पण ट्रकवाले वेडे नसतात. त्यांच्यात एक रीत आहे. नवीन माल घातला की काढलेला जुना माल मालकाला दाखवायचा, त्याच्या ताब्यात द्यायचा. नेला तर नेला, नाही तर "ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच, भंगारात घाला" म्हणायचं. नेत कुणी नाही, बघतात सगळे. आता आण्णाचा जुना माल तर गाडीतच परत गेलेला. मग दाखवायचं काय?

त्यासाठी एक पोतं होतं.

त्यात दोन किंगपिना, चार बुश, चार यू-बोल्ट आणि मूठभर स्प्लिट पिना. सगळं असं झिजलेलं की बघणाऱ्यानं दोन पावलं मागं सरावं. एका किंगपिनला तर उंदरानं भाकरी कुरतडावी तसा खाचा पडला होता. हा माल कधी, कोणत्या गाडीचा निघाला ते रघूलाही ठाऊक नव्हतं. आण्णा ते पोतं मालकासमोर ओतायचा, खाच्याची पिन उचलून त्याच्या हातात द्यायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "ह्याच्यावर चालत व्हता तुमी. घरात देव हाय म्हणायचं तुमच्या."

मालक पिन हातात फिरवायचा. तोंड पांढरं पडायचं. "आण्णा, वाचिवलंसा."

"आमी काय वाचिवणार," आण्णा हात जोडायचा. "ऱ्हाऊ दे का नेतासा?"

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे."

पोतं परत माझ्याकडे यायचं. मग माझं दुसरं काम. चांगलं धुतलेलं जसं चमकलं पाहिजे, तसं दाखवायचं मळलं पाहिजे. जुनं ग्रीस, रस्त्याची धूळ आणि थोडी काजळी कालवून मी ते पुन्हा माखायची. म्हणजे पुढच्या गाडीसाठी तयार. सकाळी मळकं स्वच्छ करायचं, दुपारी स्वच्छ मळकं करायचं. त्या खाच्याच्या पिनला मी जितक्यांदा माखलं तितक्यांदा स्वतःच्या पोरांना न्हाऊ घातलं नसेल.

एका वर्षी खंडेनवमीला आण्णानं हत्यारं मांडली. पाने, घण, जॅक, तो ऐकायचा स्क्रूड्रायव्हर. शेवटी पोतं उघडून तो मालही पाटावर मांडला. घर कुणाच्या जिवावर चालतं हे त्याला बरोबर ठाऊक. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, नारळ फोडला. दसरा झाला, तिसऱ्या दिवशी तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार गाडी न्यायला आला. मी माल माखला होता, पण खाच्याच्या आत बोट पोहोचलं नव्हतं. आण्णानं रीतीप्रमाणं पिन हातात दिली. बागायतदारानं फिरवून बघितली, चष्मा वर केला.

"आण्णा, माझ्या गाडीच्या पिनला कुकू कसं लागलं?"

मी पत्र्याआडून ऐकत होते. वाटलं, संपलं. आण्णाची पापणी हलली नाही.

"काढल्याल्या मालाची पूजा करतो आमी," तो म्हणाला. "इतकी वर्सं वज्जं वाह्यलं त्येनं. तसंच भंगारात कसं टाकायचं? माणूस गेला तर आंघुळ घालतोच की आपण."

बागायतदारानं पायातल्या चपला काढल्या, आणि त्या पिनला हात लावून नमस्कार केला. रघू गाडीखाली होता, त्याच्या हातातला पाना खाली पडल्याचा आवाज आला. आण्णानंही हात जोडले. त्यानंतर दर गाडीमागं तो त्या मालाला मुद्दाम थोडं कुंकू लावून घेऊ लागला. ते कामही माझ्याकडेच आलं.

हे सगळं मी हसून लिहू शकते, मुबारकभाईपर्यंत.

मुबारकभाई आष्ट्याचाच. स्वतःची गाडी, सांगलीच्या पेठेतून हळदीची पोती भरायचा. ॲक्सल करून नेली आणि आठ दिवसांत परत आला.

"आण्णा, गाडी डावीकडं वडतीया."

"गाडी न्हाई वडत, तू वडतोस," आण्णा म्हणाला. "तुझा डावा हात जड हाय. ल्हानपणी डावरा व्हतास का रं?"

"न्हाई."

"इच्चार आईला."

तो खरंच विचारून आला. आई म्हणाली, होता थोडा. मग तो बिचारा डावा हात मांडीवर ठेवून उजव्या हातानं गाडी चालवायला लागला. दोनदा परत आला, दोन्ही वेळा आण्णानं त्याला हात कसा हलका ठेवायचा ते शिकवलं. पुढं एके दिवशी सकाळी वळणावर डाव्या बाजूचा यू-बोल्ट तुटला, ॲक्सल सरकली आणि गाडी उसात गेली. मुबारकभाईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. आण्णा शहाळी घेऊन बघायला गेला आणि येऊन सांगत बसला, "म्हटलं गड्या, माझं काम व्हतं म्हणून उसात गेलास. दुसऱ्याचं असतं तर वढ्यात असतास."

तुटलेला बोल्ट गाडीबरोबर गॅरेजात आला आणि धुवायला माझ्याकडे आला. मी ओळखला. त्याच्या कंबरेवर माझं नख चार महिन्यांपूर्वी अडकलं होतं. तुटलेल्या जागी अर्धा भाग आतून काळा, गंजलेला होता आणि अर्धा ताजा चकचकीत. म्हणजे निम्मा तो आधीच तुटलेला होता, आणि मी त्यावर तेलाचा हात फिरवला होता. त्या दिवशी मी आण्णाला पहिल्यांदा बोलले.

"आण्णा, ह्यो आधीच चिरलेला व्हता."

त्यानं शर्टाची बाही नीट केली. "चवथी शिकलीस न्हवं तू? चवथीत यू-बोल्ट व्हता का?"

रघू हसला. रघूला हसावं लागायचं. मी खाली बघून ब्रश हातात घेतला.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझा दादा गाडी घेऊन आला.

दादा माझा थोरला भाऊ. माहेर साताऱ्याकडचं, कोरेगावजवळ. फौजेत डोंगरातून गाड्या चालवल्या, पेन्शनीत आला आणि एक जुना ट्रक घेतला. शिरवळच्या कारखान्यांतून माल भरायचा, खंबाटकीचा घाट चढायचा आणि साताऱ्याच्या बाजूला उतरायचा, हा त्याचा रोजचा रस्ता. भरलेल्या गाडीचं सगळं ओझं उतारावर पुढच्या ॲक्सलवर येतं. साताऱ्यात मिस्त्री काय कमी आहेत? पण तो एवढ्या लांब आष्ट्याला आला.

"तू हितं हायस म्हटल्यावर मला काय बघाय नको," तो मला म्हणाला. आणि आण्णाला म्हणाला, "आण्णा, फौजेत एक नियम व्हता. काढलेला यू-बोल्ट परत घालायचा न्हाई. एकदा वडला की मेला. पिना, बुश, समदं नवं घाला. कंजुशी करू नका."

"लाख बोललासा, मेजर," आण्णा म्हणाला. दादा हवालदार होता. आण्णानं स्क्रूड्रायव्हर मागवला, कानाला लावला, डोळे मिटले. दादा अदबीनं उभा राहिला. डोंगरातून गाड्या चालवलेला माणूस, आणि तोही उभा राहिला.

माल माझ्याकडे आला. चारही यू-बोल्टांवर नख ओढलं. तीन मेलेले. मागून आण्णा आला, पायात करकरीत बूट, आणि वाकून हळूच म्हणाला, "भावाची गाडी हाय, शालन. जरा मन लावून धू."

मी दादाला सांगायला हवं होतं. तो दहा पावलांवर बाजेवर बसून चहा पीत होता. पण सांगितलं असतं तर त्यानं पहिलं काय विचारलं असतं ते मला ठाऊक होतं. मग इतकी वर्सं तू हितं काय करत व्हतीस? मुबारकभाईचा बोल्ट कुणी धुतला? तो मीच धुतला होता. आणि चार माणसांत ते माझ्या तोंडून बाहेर पडलं नसतं.

मी मन लावून धुतलं. आयुष्यात इतकं चांगलं धुतलं नसेल. मग दुपारी सगळे जेवायला बसल्यावर रघूचा छोटा घण आणला, लोखंडी ठोकळ्यावर एक एक बोल्ट धरला आणि आट्यांवर घाव घातले. चार बोल्टांची आठ टोकं. प्रत्येकाला दोन घाव. फार नाही, दिसून येऊ नये इतकेच, पण नट चढू नये इतके. किंगपिनांची टोकंही थोडी ठेचली, बुशात शिरणार नाहीत अशी. स्प्लिट पिना घराकडे नेऊन परसात पुरल्या. गॅरेजात घणाच्या आवाजाकडे कोण बघतंय? मग तेलाचा हात फिरवला आणि पोत्यावर ओळीनं मांडून ठेवलं. आण्णा हात धुऊन आला, वस्तू डब्यांत भरल्या, "झ्याक," म्हणाला.

तिसऱ्या प्रहरी दादासमोर डबे फोडले. दातानं. रघूनं यू-बोल्ट बसवला, नट लावला. फिरेना. दुसरा लावला. फिरेना.

"आण्णा, आटं बसल्यात," रघू गाडीखालून म्हणाला.

आण्णा वाकला. पांढरा शर्ट पहिल्यांदा गाडीच्या इतका जवळ गेला. त्यानं आट्यांवर बोट फिरवलं, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी दुसऱ्या गाडीचं बेअरिंग धूत होते.

"नव्या बोल्टचं आटं गेल्यात?" दादानं विचारलं. तो उठून जवळ आला होता.

आण्णाला काय बोलता येणार? हा जुना आहे म्हणता येत नाही. हिनं ठोकलाय म्हणावं, तर हिच्याकडे नवा माल कशाला गेला होता? मला वाटलं, आता ह्या माणसाचा मुखवटा गळून पडतोय. ते बघायला मी मान वर केली. तेवढं धाडस केलं.

आण्णानं खांद्यावरचं तांबडं फडकं काढलं आणि बोट पुसलं. बोल्ट उचलून अंगणात भिरकावून दिला.

"बघितलंसा, मेजर? हल्लीचा माल ह्यो असा. दुसरा कुणी असता तर घण घालून चढिवला असता नट. आपल्याकडं चालत न्हाई. रघू, किंगपिन पण बघ. ती पण गंडलीया? टाक. समदं टाक. सांगलीस्नं दुसरा माल मागीव."

आणि सांगलीहून खरा, नवा माल आला. मी त्यावर नख ओढून बघितलं. सरळ होता. गाडी तयार झाली. आण्णानं पोतं ओतलं, खाच्याची पिन दादाच्या हातात दिली. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

दादा आजही त्याच गाडीनं घाट उतरतो. आणि सातारा जिल्ह्यात जिथं चहाला थांबेल तिथं सांगतो, आष्ट्याला एक मिस्त्री आहे, डबा फोडलेला नवा माल हातानं भिरकावून देतो, असा प्रामाणिक माणूस बघितला नाही. त्याच्या सांगण्यावरून कोरेगावच्या, वाईच्या गाड्या आण्णाकडे यायला लागल्या. माझ्या सोळा घावांनी त्या माणसाचं नाव दोन जिल्ह्यांत केलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर लोखंडी ठोकळा आणि घण पत्र्याखालून हलवलेला होता. पिंपाशेजारी दाखवायचं पोतं मात्र ठेवलं होतं, माखायला. मी ते बघितलं आणि घरी आले. पुन्हा गेले नाही. तो बोलवायला आला नाही. रघू सांगायचा, आता दुसऱ्या बाईला ठेवलंय, पण तिच्या हाताला गुण नाही.

गेल्या महिन्यात आण्णा न्हाणीत घसरला. खुब्याचा सांधा गेला. सांगलीत विश्रामबागेच्या दवाखान्यात नवा बसवला. त्याची बायको, काकी, चांगली बाई. ती म्हणाली, सारखं तुमचं नाव काढत्यात, एकदा येऊन जावा. आमच्या घरच्यांबरोबर गेले.

तो पलंगावर होता. अंगात दवाखान्याचा निळा सदरा. पांढऱ्या शर्टाशिवाय मी त्याला पहिल्यांदाच बघितलं, छातीची हाडं दिसत होती. उशीखालून त्यानं एक पुठ्ठ्याचा रिकामा डबा काढला आणि माझ्या हातात दिला.

"शालन, बघ. ह्या डब्यातनं काढून घातलं म्हणत्यात."

मी डबा बघितला. चांगला जाड पुठ्ठा होता.

"डबा दावला," तो म्हणाला. "पर मी बेसुद्ध व्हतो. डब्यात काय व्हतं कुणी बघितलंय? म्हटलं, डाक्टरसाहेब, काढल्यालं हाड तरी दावा. रीत हाय ती. तर हसलं. म्हणालं, आजोबा, ते फेकून दिलं." त्यानं माझं मनगट धरलं. हात गरम होता. "हाड न्हाई दावलं गं. तुला कळतंय ह्यातलं. तूच सांग. नवंच घातलं आसंल न्हवं?"

काकी माझ्याकडे बघत होती, घरचेही बघत होते. चार माणसं होती. माझ्या तोंडून नेहमी जिथं काही बाहेर पडत नाही अशी जागा होती. पण ते अगदी सहज बाहेर पडलं.

"फेकून कशाला देतील, आण्णा," मी म्हटलं. "धुऊन ठेवलं आसंल."

काकीला काही कळलं नाही, ती चहाचं बघायला उठली. आण्णानं माझं मनगट सोडलं. डबा माझ्या हातातून घेतला, उशीखाली नीट सारला. मी दारापर्यंत गेले आणि मागं बघितलं. त्यानं तळहात खुब्यावर ठेवला होता. पाय चादरीखाली जरासा हलवला, थांबला, परत हलवला. मग डोळे मिटले आणि ऐकू लागला.